हरित चमक

हरित चमक हा सूर्यास्ताच्या अगदी अखेरच्या क्षणी किंवा सूर्योदयाच्या अगदी पहिल्या क्षणी दिसणारा दुर्मीळ प्रकाशीय आविष्कार आहे. सूर्यबिंबाचा बहुतेक भाग क्षितिजाखाली गेल्यावर उरलेली वरची कड क्षणभर पाचूसारखी हिरवी होते आणि लगेच नाहीशी होते. हा आविष्कार बहुधा एक ते दोन सेकंद टिकतो. तो पृथ्वीच्या वातावरणातील प्रकाशाचे अपवर्तन, अपस्करण व विकिरण आणि मृगजळ यांच्या एकत्रित परिणामामुळे घडतो. हरित चमक खरी की केवळ दृष्टिभ्रम, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता.

कारणमीमांसा

वातावरणाची घनता जमिनीकडे वाढत जाते. त्यामुळे सूर्यकिरण वातावरणातून येताना खालच्या बाजूस वाकतात आणि सूर्य प्रत्यक्षाहून किंचित वर दिसतो. क्षितिजालगत हे विचलन सुमारे ३४ कोनीय मिनिटे, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक असते. सूर्यबिंबाचा कोनीय व्यासही सुमारे ३२ मिनिटेच आहे. त्यामुळे बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा वातावरण नसते तर संपूर्ण सूर्य मावळून गेलेला असता.

अपवर्तनाचे प्रमाण सर्व रंगांसाठी सारखे नसते. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाश अधिक वाकतो. म्हणून वातावरण एखाद्या अतिशय क्षीण लोलकासारखे कार्य करते. सूर्याची तांबडी, पिवळी, हिरवी व निळी प्रतिमा एकमेकींवर पडलेल्या असल्या, तरी त्या तंतोतंत जुळत नाहीत. तांबडी प्रतिमा सर्वांत खाली आणि निळी-जांभळी सर्वांत वर असते. परिणामी बिंबाच्या वरच्या कडेला हिरवी-निळी आणि खालच्या कडेला तांबडी किनार तयार होते.

या क्रमानुसार सर्वांत शेवटी निळा किंवा जांभळा रंग दिसावयास हवा. परंतु क्षितिजालगतच्या प्रकाशाला हवेच्या फार जाड थरातून यावे लागते आणि त्या प्रवासात कमी तरंगलांबीच्या प्रकाशाचे मोठ्या प्रमाणात विकिरण होते. निळा प्रकाश असा इतस्ततः विखुरला गेल्यामुळे हिरवा शिल्लक राहतो. हवा अत्यंत स्वच्छ असल्यास क्वचित निळी चमकही दिसते.

मृगजळाचा वाटा

केवळ अपस्करणामुळे तयार होणारी हिरवी किनार जेमतेम १० ते १५ कोनीय सेकंद रुंद असते. मानवी डोळ्याला सुमारे ६० कोनीय सेकंदांहून लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. त्यामुळे ही किनार जवळजवळ प्रत्येक सूर्यास्ताच्या वेळी असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती दिसण्यासाठी तिचे उभ्या दिशेने विशालन व्हावे लागते, आणि ते काम मृगजळ करते. हवेच्या थरांच्या तापमानात मोठा फरक असल्यास किरणांचे मार्ग अशा रीतीने वळतात, की किनारीचा अरुंद पट्टा ताणला जाऊन दृश्यमान होतो. हा आविष्कार दुर्मीळ असण्याचे प्रमुख कारण हेच आहे.

प्रकार

मृगजळाच्या स्वरूपानुसार हरित चमकेचे पुढील प्रकार केले जातात.

खालच्या मृगजळाची चमक : समुद्राचे पाणी लगतच्या हवेपेक्षा उबदार असताना ही दिसते. मावळत्या सूर्याखाली त्याची उलटी प्रतिमा उमटते आणि दोन्ही मिळून ग्रीक अक्षर ओमेगासारखा (Ω) आकार होतो. दोन्ही प्रतिमा आक्रसत एकमेकींत मिसळतात व अखेरचा तुकडा हिरवा होतो. निरीक्षक समुद्रसपाटीजवळ असल्यास ही चमक दिसण्याचा संभव अधिक असतो.

आभासी मृगजळाची चमक : काही वेळा खालच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर असतो. यास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. निरीक्षक अशा थराच्या वर असल्यास बिंबाच्या वरच्या भागातून पातळ पट्ट्या सुटून विरताना हिरव्या होतात.

व्युत्क्रमण थराखालून दिसणारी चमक : या प्रकारात बिंब मध्यभागी आवळले जाऊन त्याचा वरचा भाग हिरवा होतो. ही चमक सुमारे १५ सेकंदांपर्यंत टिकू शकते. मात्र ती फार विरळ आहे.

हरित किरण : क्षितिजावरून वर उसळणारा हिरव्या प्रकाशाचा झोत. हा सर्वांत दुर्मीळ प्रकार होय.

कालावधी व अक्षांश

विषुववृत्तावर सूर्य दर सेकंदाला सुमारे १५ कोनीय सेकंद या वेगाने जवळजवळ सरळ खाली मावळतो. मुंबईच्या अक्षांशावरही हा वेग फारसा कमी नसतो. त्यामुळे विशालन न झालेली किनार येथे एका सेकंदाच्या आत क्षितिजाआड जाते. ध्रुवीय प्रदेशात सूर्य क्षितिजाला अतिशय तिरप्या मार्गाने छेदतो, म्हणून तेथे चमक अधिक काळ दिसू शकते. रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेतील सदस्यांनी १९२९ मध्ये ती मधूनमधून सुमारे ३५ मिनिटे पाहिल्याची नोंद प्रसिद्ध आहे.

भ्रम की वास्तव

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८६९ मध्ये मावळत्या सूर्याच्या अखेरच्या निळसर-हिरव्या रंगाकडे लक्ष वेधले होते. तरीही तांबड्या बिंबाकडे टक लावून पाहिल्यामुळे थकलेल्या डोळ्यांना होणारा हा भास असावा, असे मत अनेक वर्षे मांडले जात होते. सूर्योदयाच्या वेळी, डोळे थकण्यापूर्वीच, ही चमक दिसते ही बाब त्या मताच्या विरोधात जाणारी होती. पुढे व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनियल ओकॉनेल यांच्या १९५८ मधील ग्रंथात हरित चमकेची रंगीत छायाचित्रे प्रसिद्ध झाली. छायाचित्रणाच्या फिल्मला दृष्टिभ्रम होत नसल्याने वादाचा निकाल लागला.

मात्र डोळ्याचा वाटा शून्य नाही. प्रखर सूर्याकडे पाहत राहिल्यास दृष्टिपटलातील तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंगद्रव्य तात्पुरते क्षीण होते आणि प्रत्यक्षात पिवळी असलेली कडही हिरवी भासू शकते. डोळ्यांतील भासाचा हिरवा ठिपका नजर वळवली की नजरेबरोबर सरकतो व काही काळ टिकतो. खरी चमक क्षितिजावरील आपल्या जागीच राहते.

निरीक्षण

निरीक्षणासाठी दूरचे, स्पष्ट व सपाट क्षितिज लागते. समुद्राचे क्षितिज त्यासाठी उत्तम असते. परंतु दूरची डोंगररांग किंवा ढगांची सलग कडही चालू शकते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस अरबी समुद्राचे खुले क्षितिज मिळते, मात्र पावसाळ्यात ढग आणि इतर वेळी क्षितिजालगतचे धुरकट वातावरण अडथळा ठरते. सूर्य मावळताना गडद तांबडा दिसत असेल, तर हवेत धूळ किंवा धुरके अधिक आहे असे समजावे. अशा वेळी हिरवा प्रकाश पोहोचत नाही. बिंब शेवटपर्यंत पिवळसर राहिल्यास शक्यता वाढते.

पिवळसर व तेजस्वी सूर्य डोळ्यांना घातकही असतो. म्हणून बिंबाचा अखेरचा बारीक तुकडा उरेपर्यंत सूर्याकडे पाहू नये. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या प्रकाशीय दृश्यदर्शकातून सूर्य पाहिल्यास दृष्टिपटलास कायमची इजा होऊ शकते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दृश्य पाहणे त्या मानाने सुरक्षित असते. आधी नजर अन्यत्र ठेवल्याने डोळ्यांचे रक्षण होते आणि दिसलेल्या रंगाची विश्वासार्हताही वाढते.

साहित्य व चित्रपट

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या १८८२ मधील 'ल रेयाँ व्हेर' (हरित किरण) या कादंबरीमुळे या आविष्काराला मोठी प्रसिद्धी मिळाली. हरित किरण पाहणाऱ्यास स्वतःच्या व इतरांच्या मनातील भाव ओळखता येतात, अशी आख्यायिका या कादंबरीत आहे. तिच्या शेवटी किरण प्रकटतो, तेव्हा नायक-नायिका एकमेकांकडे पाहत असल्याने त्यांना तो दिसतच नाही. एरिक रोमेर यांच्या याच नावाच्या चित्रपटाला १९८६ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात 'सुवर्ण सिंह' पुरस्कार मिळाला.