मधलं भोक

सकाळी 8.30. भोसरी एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा. काका आधी लेथच्या चकचे जबडे पुसतात, मग चहा. पगार 22 हजार, ओव्हरटाइम वेगळा.

9.15. जॉब एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा. तिच्या रोबोटसाठी ॲल्युमिनियमचा फुगीर आरसा, व्यास 60 मिलिमीटर. रॉडचा तुकडा 150 रुपये, मशीनचा तास 400. आरशाखाली कॅमेरा वर तोंड करून बसणार आणि मान न वळवता चहूकडचं बघणार. कल्पना जुनी, डोनाल्ड रीस यांना 1970 साली अमेरिकेत अशा आरशाचं पेटंट मिळालं. आकार हायपरबोलाचा. आरशाच्या पोटातल्या नाभीकडे निघालेले किरण वळून दुसऱ्या नाभीवरच्या लेन्समध्ये शिरतात. म्हणूनच चित्र नंतर नीट उलगडता येतं.

10.00. मशीनला हायपरबोला कळत नाही. सरळ रेघ आणि कंस, एवढंच. मुलीने 600 बिंदू आणलेत. टूलच्या नाकाची गोलाई 0.4 मिलिमीटर, ती वजा केली नाही तर आरसा भलताच होईल.

11.30. फिनिश कट. हिऱ्याच्या टोकाचं टूल, रॉकेलचे थेंब. मधोमध बारीक टेंगूळ राहतं. टूल केसभर खाली आहे. काका पत्र्याची पट्टी सरकवतात. पुन्हा कट. पुन्हा टेंगूळ. दुसरी पट्टी. पाऊण तास यातच जातो.

1.00. डबा.

1.45. काकांना बफ मारायचाय. मुलगी नको म्हणते: चकाकी येते, पण आकार झिजतो. शेवटी कापसाने हातपॉलिश.

3.30. आरसा ॲक्रिलिकच्या नळीवर बसतो. नळीत ट्यूबलाइटची भुतं दिसतात. जपानच्या हिरोशी इशिगुरो यांचा यावर तोडगा आहे: आरशाच्या मध्यातून खाली काळी सुई.

"काका, मधोमध 2 एमएमचं भोक मारा."

"मधोमध? सकाळभर तेच तर घासलं!"

"तिथे रोबोटला फक्त स्वतःचा कॅमेरा दिसतो."

काका ड्रिल लावतात. बोलत नाहीत.

5.00. लॅपटॉपवर चित्र मेदूवड्यासारखं गोल: लेथ, शटर, आम्ही तिघं. उलगडल्यावर दाराची चौकट सरळ उभी राहते. वड्याच्या आतल्या कडेचं मात्र धूसर. तिथे पिक्सेलच कमी पडतात.

5.45. मालक बिल करतात. रॉड 150, मशीन 1400.

"भोकाचे वेगळे 50 लावा," काका म्हणतात.