फळ्यावरचा महिना

माझे माहेर बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. गावाचे नाव इथे देत नाही, कारण पुढे येणारी हकीकत लहान लेकरांच्या घरची आहे. आईच्या दुखण्यामुळे यंदा दिवाळीपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी तिथेच होते. घर शाळेला लागून. त्यामुळे शाळेचा एक अख्खा महिना डोळ्यांदेखत गेला. तो आपल्या भगिनींना सांगावा, म्हणून हा लेख.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक ओसरी, हापसा, लिंबाचे झाड. शिकवायला एक बाई आणि एक गुरुजी. पटावर ३४ मुले. पाच वर्षांपूर्वी ५२ होती. यातली निम्म्याहून अधिक आपल्या बौद्धवाड्यातली, बाकीची वंजारी आणि मराठा घरांतली.

ओसरीत एक जुना फळा आहे. त्यावर बाई दर महिन्याच्या एक तारखेला फक्त महिन्याचे नाव लिहितात. खालचे सगळे मुलांनी लिहायचे. तिसरी-चौथीची मुले आळीपाळीने बातमीदार होतात, आणि महिनाअखेरीस व्यवस्थापन समितीच्या सभेत फळा मोठ्याने वाचला जातो. या बातम्या मला वर्तमानपत्रापेक्षा बऱ्या वाटल्या. ‘हापशाचा दांडा तुटला. सरपंचांना सांगितले.’ त्याखाली चार दिवसांनी, ‘दांडा आला नाही.’ आणखी दोन दिवसांनी, ‘दांडा आला.’ ‘तांदळात सोंडे निघाले. मावशींनी निवडले, आम्ही पण निवडले.’ ‘पहिलीतल्या एकाचा दात पडला. तो रडला नाही.’ बाई शुद्धलेखन सुधारतात, पण बातमी बदलत नाहीत.

मुलांचे लिहिणे म्हणजे काय, याची आपल्याला तरी आठवण असायला हवी. जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने छापला. तोही एका शाळेतल्या पोरीने लिहिलेला कागदच होता.

नोव्हेंबरची पहिली मोठी बातमी ७ तारखेची. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेच्या पटावर चढले. आज तीच प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. यंदा तो सुट्टीत आला, म्हणून शाळा उघडल्यावर आठवडाभरात बाईंनी साजरा केला. भाषण केले नाही, गोष्ट सांगितली. बाबासाहेबांना वर्गात बसायला घरून तरट न्यावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज परत घरी आणावे लागे. तहान लागली तर शिपाई पाणी वाढणार, शिपाई नसेल तर पाणी नाही. यावर पहिलीतल्या एका पोराने विचारले, “बाई, पावसात तरट भिजलं तर कशावर बसायचे?” बाईंजवळ उत्तर नव्हते. फळ्यावर हा प्रश्न जसाच्या तसा लिहिला गेला.

याच गोष्टीचा दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. बाईंनी तो सांगितला. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यात गोरेगावला सरकारने तलावाचे काम काढले होते. रामजीबाबा तिथे खजिनदार म्हणून गेले. मुलांची शाळा मोडू नये म्हणून त्यांनी भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले साताऱ्यातच ठेवली. आई तर आधीच गेलेली. सांभाळायला आत्या मीराबाई. ती प्रेमळ, पण पायांनी अधू, तिच्याने फारसे काम होत नसे. शेजारी लक्ष ठेवीत. पोरे आपली आपणच रांधीत. भाकरी-पोळी जमेना, म्हणून पुलाव शिजवून खात. बाबासाहेबांनीच हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे.

ही गोष्ट बाईंनी याच महिन्यात का काढली, ते मला चार दिवसांनी कळले.

आमच्याकडे दिवाळी झाली की मुकादमाचे टेंपो येतात. घरटी नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, तीत कुणाचे लग्न झालेले असते, कुणाचे दवाखान्याचे बिल भागलेले असते. मग कारखान्याच्या गाळपाला जावेच लागते ते मार्च-एप्रिलपर्यंत. आईबाप गेले की लेकरे त्यांच्याबरोबर, पाचटाच्या कोपीत. यंदा जाणाऱ्या घरांतली शाळेची मुले होती १७. म्हणजे बरोबर निम्मी शाळा. त्यातली ११ आपल्या वाड्यातली.

कागदावर पट ३४च राहतो. पण सहा महिने उसाच्या फडात राहून आलेले पोर एप्रिलमध्ये वर्गात बसते तेव्हा ते जोडाक्षरे विसरलेले असते. पुढच्या वर्षी ते थोडे आणखी मागे, त्याच्या पुढच्या वर्षी ते शाळेतच नसते. गेल्या वर्षी अशी तीन नावे कायमची गेली. शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे परिपत्रक काढले, तेव्हापासून आमच्या बाईंच्या पोटात वीस या आकड्याचे भय बसले आहे. शाळा दुसऱ्या गावी गेली तर मुलींपैकी किती जातील, हे भगिनींनो, मी सांगायला नको.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते, तीत किमान पाऊणहिस्सा पालक आणि निम्म्या स्त्रिया. आमच्या शाळेतही ती आहे. एरवी सभेला चार माणसे, सह्या मात्र बारा. यावेळी बाईंनी सभा दुपारी शाळेत न ठेवता रात्री विहारात ठेवली. वर्षावासात तिथे तीन महिने रोज ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन झाले होते. आश्विन पौर्णिमेला ते संपले आणि विहाराला कुलूप लागले. बायकांना रात्री तिथे जमायची सवय मात्र राहिली होती. त्यामुळे वंदना झाल्यावर मोजल्या तर ४१ माणसे बसलेली. वंजारवाड्यातून दोन बायाही आल्या, त्या दारापाशी बसल्या. त्यांना आत बोलवायला आपल्या बायकांना जरा उशीर झाला, हेही लिहिते.

प्रश्न एकच होता. आईबाप गेल्यावर लेकरे कुणी सांभाळायची? सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मूल गावातच नातेवाइकाकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. प्रस्ताव गुरुजींनी पाठवला होता. पण मागच्या खेपेला मंजुरी आली तेव्हा अर्धा हंगाम उलटला होता. तोवर पोरे काय वारा खाऊन राहणार?

एक आजी उठली. म्हणाली, “माय, ठेवायला मी ना म्हनत न्हाई. पर मला रातचं दिसत न्हाई. पोरगं तापलं तर मी कुनाला हाक मारू?”

सभा थोडा वेळ गप्प झाली. मग माझ्या चुलत वहिनीने विचारले, “आत्याचे पाय अधू होते तरी चार लेकरे साताऱ्यात राहिलीच ना? मग आपण इतक्या जणी धडधाकट बसलोत त्या कशाला?” वहिनी सातवी शिकलेली, सभेत कधी न बोलणारी.

तिथून बोलणे पुढे सरकले. ठरले असे की लेकरांनी आपापल्या आजीकडे राहायचे, पण संध्याकाळी सगळ्यांनी विहारात यायचे. सात ते नऊ अभ्यास, तिथेच जेवण, आणि रात्री कुणाला ताप आला तर कोणत्या घरी हाक मारायची, त्या घरांची नावे ठरवून भिंतीवर लावायची. प्रत्येक घराने महिन्याला एक पायली ज्वारी द्यायची. रांधायला दोघी-दोघींची पाळी.

पैशावर मात्र वाद झाला. जयंतीच्या वर्गणीतले काही शिल्लक आहे, ते द्या, असे बायका म्हणाल्या. तरुण मंडळींनी नकार दिला. वर्गणी जयंतीची म्हणून गोळा केली, उद्या लोक हिशेब विचारतील, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही, पण मला पटले नाही. मिरवणुकीच्या वाजंत्रीला एका रात्रीत जे जाते त्यात या पोरांची डाळ हंगामभर पुरली असती, हे मी तिथेही बोलले. पोरे माझ्यावर रागावली. शेवटी वर्गणी मिळाली नाहीच. तेल-मीठ महिला बचत गटाने उचलले.

सगळी लेकरे राहिली, असे मात्र झाले नाही. सतरांपैकी नऊ राहिली, आठ गेली. चौथीतली एक मुलगी, फळ्याची सगळ्यांत चांगली बातमीदार, ती गेली. बाई तिच्या घरी दोनदा गेल्या. दुसऱ्या वेळी मीही होते. तिची आई भांडली नाही, नुसती म्हणाली, “बाई, तान्हं कुनाजवळ ठिवू? ती हाय म्हनून मला कोयता धरता येतो. खाडा पडला तर मुकादम पैशे कापतो.” झोळीतल्या पोराला ती मुलगी तेव्हाही पायाने झोका देत होती आणि हातात पुस्तक होते. यावर मी काय बोलणार होते?

बाईंनी तिला शिक्षण हमी कार्ड करून दिले. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत बसू द्यावे लागते. आदल्या दिवशी फळ्यावर तिने शेवटची बातमी लिहिली. ‘उद्या टेंपो येणार आहे. मी जाणार आहे. फळा आता दुसऱ्याने लिहावा. खडू कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत.’ बाकीच्या बातम्या महिना संपल्यावर पुसल्या गेल्या. ही बाईंनी पुसू दिली नाही.

टेंपो गेल्यावर शाळा दोन दिवस ओकीबोकी वाटली. २६ नोव्हेंबरला संविधान दिनी उद्देशिकेचे वाचन झाले. ती पाठ्यपुस्तकात छापलेलीच असते, तरी दुसरीच्या एका मुलीने पुस्तक मिटून म्हटली. शिकवली कुणी, तर विहारात पाळीने रांधायला येणाऱ्या तिच्या मावशीने, भाकरी थापता थापता.

२८ नोव्हेंबर हा महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन. १८९० साली ते याच दिवशी गेले. त्याआधी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली होती. आणि याच तारखेला, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. पुढे २० एप्रिल २००४ च्या आदेशात जेवण शिजवायला नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना प्राधान्य द्या, असेही सांगितले. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आपल्या वाड्यातल्या आहेत. त्या लागल्या तेव्हा काही घरांतली पोरे दोन वर्षे घरचा डबा घेऊन येत. कुणी तक्रार केली नाही, कुणी भांडले नाही. त्या वेळचे गुरुजी रोज पहिले ताट स्वतः घेऊन पोरांत बसत, एवढेच. हळूहळू डबे यायचे थांबले. आता त्या घरांतल्या आया मावशींना शेंगदाण्याची चटणी पाठवतात.

विहाराच्या संध्याकाळीही असेच काहीसे झाले. पहिल्या आठवड्यात आपल्या वाड्यातली सातच मुले यायची. गावी राहिलेली वंजारवाड्यातली दोघे भावंडे आजीजवळ घरीच जेवायची. एका रात्री वीज गेली, आणि त्यांची आजी कंदील घेऊन दोघांना विहाराच्या दारात सोडून गेली. म्हणाली, “हितं उजेड हाय म्हनून आणलं.” इथेही वीज नव्हतीच, दोन मेणबत्त्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून पंगत नऊ ताटांची झाली. त्या आजीने परवा अर्धी पायली बाजरी आणून दिली. ज्वारी नव्हती घरात, बाजरी चालेल का, म्हणून विचारत होती.

६ डिसेंबरला मुलांनी विहारात वह्या मांडून अभिवादन केले. मागच्या वर्षी फुले मांडली होती. यंदा वह्या मांडायची कल्पना चौथीतल्या एका मुलाची. आता फळाही तोच लिहितो. त्याचे अक्षर वेडेवाकडे आहे.

गेलेल्या मुलीशी बाई दर शनिवारी तिच्या वडिलांच्या फोनवर बोलतात. पहिल्या शनिवारी कळले की कार्ड पिशवीतच आहे, शाळा फडापासून तीन किलोमीटर आहे आणि तान्ह्याला सर्दी झाली आहे. दुसऱ्या शनिवारी फोन लागला नाही. तिसऱ्या शनिवारी तिने विचारले, हापशाचा दांडा टिकला का.

हजेरी घेताना बाई तिचे नाव अजून घेतात. विहाराची पंगत मार्चअखेरपर्यंत चालवायची आहे. ज्वारी पुरेल असे वहिनी म्हणते. डाळीचे अजून जमलेले नाही, त्यासाठी पौर्णिमेला पुन्हा सभा आहे, आणि यावेळी तरुण मंडळींनाही बोलावले आहे.