पकड कोण लक्षात ठेवतं? विशाल माने आणि कबड्डीतला बचाव

ऐकायला वेळ नसेल, ट्रेनमध्ये आवाज येत नसेल, तर आजचा भाग इथे वाचा.

एक प्रश्न. प्रो कबड्डीच्या पहिल्या सात हंगामांत तीन वेगवेगळ्या संघांकडून पाच फायनल बघितलेला आपला मराठी खेळाडू कोण? बहुतेक जण चढाईपटूंची नावं घेतात. उत्तर आहे विशाल माने, उजवा कव्हर. पहिले तीन हंगाम यू मुंबा, 2017 मध्ये पटना पायरेट्स, 2019 मध्ये दबंग दिल्ली. त्यातली दोन विजेतेपदं: 2015 ला मुंबईतच, वरळीच्या एनएससीआयमध्ये बेंगळुरू बुल्सला 36-30 हरवून, आणि 2017 ला पटनाकडून.

आता कव्हर करतो काय? टीव्हीवर दिसतं ते असं: कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, चढाईपटू पडतो, टाळ्या कोपऱ्याला. पण घोटा धरल्यावर चढाईपटू थांबत नाही हो, तो मध्यरेषेकडे ओढतो. त्या अर्ध्या सेकंदात कव्हर आडवा आला नाही, तर चढाईपटूचा हात रेषेला टेकतो, आणि कोपरा तर बाद होतोच, वर मदतीला हात लावलेले सगळेच बाद. म्हणजे कव्हर उशिरा आला तर तो आलाच नसता तर बरं, अशी वेळ येते! म्हणून हे काम धाडसापेक्षा अंदाजाचं जास्त आहे. यू मुंबाच्या त्या संघात कोपऱ्यांना सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि माने. चौघं एका साखळीसारखे हलायचे. जुन्या मॅचेस काढा आणि बॉल... सॉरी, चढाईपटू सोडून फक्त या चौघांचे पाय बघा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या फळीतले गडी सव्वाशे-दीडशे किलोचे असतात. आपल्याकडे पुरुष गटाला 85 किलोची मर्यादा. त्यामुळे नुसत्या वजनावर कोणाला अडवता येत नाही. पाय कुठे रोवला, खांदा कधी दिला, यावरच सगळं.

हिशोबही बचावपटूच्या विरोधात आहे. चढाईपटू एका चढाईत दोन-तीन गुण आणू शकतो. पकडीचा गुण एकच. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असतील तर अव्वल पकडीचे दोन. म्हणूनच चढाईपटूचं कौतुक दहा गुणांवर, बचावपटूचं पाचावरच होतं. लीगच्या आकडेवारीनेच मान्य केलंय की पकडीचे पाच गुण म्हणजे खूप झाले.

पैशाचं काय? लालबाग-परळच्या मंडळांतून खेळणाऱ्या पोरांचा खरा प्रश्न हाच. पूर्वी उत्तर एकच होतं: मंडळाकडून चमका, जिल्ह्याच्या, मग राज्याच्या संघात या, आणि रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी धरा. गुडघा गेला तरी पगार चालू. गिरणगावातल्या घरांत या नोकरीची किंमत काय होती, ते वेगळं सांगायला नको. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गडी होता राकेश कुमार, 12 लाख 80 हजार. चार वर्षांनी, 2018 च्या लिलावात एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो एका बचावपटूने! इराणचा फजल अत्राचली, आणि बोली आपल्या यू मुंबाची. त्याच वर्षी जकार्तात इराणने भारताला सेमीफायनलमध्ये 27-18 हरवलं. त्या भारतीय संघात आपला गिरीश एर्नाक डाव्या कोपऱ्यात होता.

माझं मत विचाराल तर कोटीचे आकडे बघून नोकरीचा रस्ता सोडू नका. लीगचं कंत्राट हंगामापुरतं असतं, आणि बचावपटूचे गुडघे-खांदे चढाईपटूइतकेच, कधी जास्तच झिजतात. पण प्रशिक्षकाने कव्हरला उभं केलं म्हणून तोंड पाडून बसणाऱ्यांनी मानेची 2015 ची फायनल एकदा नक्की बघावी. स्कोअर झाकून.

पुढच्या भागात कोपऱ्याबद्दल बोलू: घोटा धरताना हात कुठे, डोकं कुठे.