जनुकांवरील खुणा आणि कर्करोगाचे निदान

मनुष्याच्या यकृतातील व मेंदूतील पेशींत जनुके सारखीच असतात. तरीही त्या पेशींची कार्ये अगदी भिन्न असतात. ह्याचे एक कारण असे की, ज्या जनुकांचे काम नसते, ती पेशी बंद करून ठेवते. त्यासाठी ती डीएनएमधील सायटोसीन ह्या घटकास मिथिल गट जोडते. एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा हा लहानसा गट जनुकाचा मजकूर बदलीत नाही. परंतु जनुकाच्या आरंभीच्या भागात असे गट दाटीने जमले, म्हणजे बहुधा त्याचे वाचन थांबते. ह्या क्रियेस मिथिलीकरण म्हणतात.

कर्करोगात ही व्यवस्था बिघडते. पेशींच्या वाढीस आळा घालणारी काही जनुके मिथिलीकरणाने बंद पडतात आणि पेशी अनिर्बंध वाढू लागतात. हा बिघाड पुष्कळदा रोगाच्या आरंभीच होत असल्यामुळे त्याची खूण निदानास उपयोगी पडते. डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची क्रिया केली असता साध्या सायटोसीनचे युरॅसिलमध्ये रूपांतर होते. मिथिल गट असलेले सायटोसीन मात्र तसेच राहते. ह्या फरकावरून खुणांची जागा अचूक वाचण्याची पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली.

ग्लायोब्लास्टोमा हे मेंदूचे अतिशय घातक अर्बुद होय. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील कुमारवेल सोमसुंदरम व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याच नगरातील निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांसह त्याचा अभ्यास केला. ९ जनुकांच्या मिथिलीकरणावरून रुग्ण किती काळ जगेल ह्याचा अंदाज बांधता येतो, असे त्यांनी २०१३ साली दाखवून दिले. ह्याच रोगात एमजीएमटी नावाचे जनुक उपचारास दिशा दाखविते. टेमोझोलोमाइड हे औषध अर्बुदाच्या डीएनएस जी इजा करते, ती ह्या जनुकापासून बनणारे प्रथिन दुरुस्त करते. म्हणून ते जनुक मिथिलीकरणाने बंद असेल, तर औषधाचा गुण अधिक येतो.

अर्बुदातील मृत पेशींचा डीएनए रक्तातही उतरतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी सेप्टिन-९ ह्या जनुकाची खूण रक्तात शोधणाऱ्या चाचणीस अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. उपचारानंतर नाहीशी झालेली अशी खूण पुन्हा दिसू लागली, तर रोग उलटल्याची शंका घेता येते. मात्र लहान अर्बुदापासून रक्तात फारच थोडा डीएनए येतो, आणि वयोमानानेही मिथिलीकरण बदलते. म्हणून सेप्टिन-९ ची खूण आढळली, तरी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करूनच निदान पक्के करावे लागते. आणि खूण न आढळल्यास रोग नाहीच, असेही समजता येत नाही.