बांधावरची परवानगी

रविवारी छऱ्याची बंदूक खांद्यावर टाकून शेतांतून हिंडणे ही शहरांतील कित्येक तरुणांस निव्वळ करमणूक वाटते. पिकाची नासाडी करणारी पाखरेच आपण मारतो, असे ते वर म्हणतात. शेतकऱ्यास आधी विचारले होते काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

इंग्लंडात रानकबुतरे व ससे पिकावर तुटून पडतात, आणि हवेच्या बंदुकीने त्यांस मारण्याची चाल आहे. परंतु तेथील हौशी शिकारी प्रथम शेतकऱ्याच्या दारी जातो. केव्हा यावे, गुरे कोठे चरतात हे विचारतो, व शक्य तर लेखी संमती घेतो. संमतीवाचून बंदुकीसह परक्या जमिनीत शिरणे हा १९६८ च्या कायद्याने तेथे गुन्हा आहे.

आमच्याकडे तर शेतकऱ्याच्या होकारानेही भागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक पशुपक्ष्यांस अभय दिले आहे. रानडुकराने भुईमूग उकरला तर शेतकऱ्याचे दुःख खरे. पण त्यावर इलाज वनखात्याकडे अर्ज व नुकसानभरपाई हा होय, हौशी माणसाचा छरा नव्हे. त्या छऱ्याने घुबड पडले, तर उंदरांचेच फावते.

मुलास बंदूक घेऊन देणाऱ्या व ती विकणाऱ्या गृहस्थांनी हे ध्यानी धरावे. शेत म्हणजे ओसाड माळ नव्हे, कोणाचे तरी घर आहे. उंबरठ्यापाशी जोडे काढणाऱ्याने बांधापाशी बंदूक खाली ठेवावी.