भिंत, पोस्टर आणि हरवलेली पाचवी जागा

आजचा प्रश्न भिंतीचा. लांबी १ कोटी घरं, पोस्टर १०,०००, एकावर एक चिकटवलेली. शेवटी किती दिसतात? एवढ्या भिंतीचा अ‍ॅरे कशाला? टोकं फार तर २०,०००. ती क्रमाने लावा, दुबार आलेली काढा, १, २, ३ असे क्रमांक द्या. हेच कोऑर्डिनेट कॉम्प्रेशन.

इथेच मी फसलो. पहिलं पोस्टर १ ते १०, त्यावर १ ते ४, मग ६ ते १०. टोकं १, ४, ६, १०. नवे क्रमांक १, २, ३, ४. प्रोग्राम म्हणाला, दोन दिसतात. कागदावर काढलं तर तीन! पाचव्या घरातून पहिलं पोस्टर डोकावतंय. ४ आणि ६ शेजारी बसवताना मधली जमीनच मी नकाशावरून पुसली. फौजेत जवानांना नकाशावाचन शिकवलेला माणूस मी!

उपाय सोपा. लगतच्या टोकांत १ पेक्षा जास्त अंतर असेल तर मधला एक आकडा यादीत घाला. आता यादी १, २, ४, ५, ६, ७, १०. म्हणजे सात घरं. शेवटच्या पोस्टरपासून उलटे या, रिकामी घरं तेवढी भरा. तिसरं ५ ते ७ घेतं, दुसरं १ ते ३. पहिल्याला चौथं घर उरतं. भरलेली घरं पुन्हा चाळू नका. प्रत्येक घरापाशी पुढच्या रिकाम्या घराचा पत्ता ठेवा.