गोपनीयताकेंद्री अँड्रॉइड प्रणाली आणि बँकिंग ॲप : सुसंगततेचा प्रश्न

प्रस्तावना : बारामती व इंदापूर हे ऊसपट्ट्यातील तालुके होत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांची उसाची बिले सभासदांच्या बँक खात्यात जमा होतात आणि ते खाते आता अनेकदा मोबाईलवरूनच हाताळले जाते. म्हणून फोनची कार्यप्रणाली बदलल्यास बँकेचे ॲप चालेल काय, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्रापुरता उरत नाही.

विवेचन : अँड्रॉइडची मूळ आज्ञावली खुली असल्याने लिनिएजओएस, ग्राफीनओएस यांसारख्या पर्यायी प्रणाली निर्माण झाल्या. त्यांपैकी लिनिएजओएसमुळे उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनलाही सुरक्षा-दुरुस्त्या मिळू शकतात. मात्र अनेक बँकिंग ॲप गुगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ सेवेकडून फोनची पडताळणी करून घेतात. या सेवेचे मूलभूत, उपकरण व दृढ असे तीन स्तर आहेत. त्यांपैकी उपकरण-स्तर गुगल-प्रमाणित प्रणालीसाठीच असतो.

बँकांची धास्ती निराधार नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ फेब्रुवारी २०२१ च्या निर्देशांत ‘रूट’ केलेल्या फोनवर ॲप चालू न देण्याची शक्यता तपासावी, असे सुचविले आहे. लिनिएजओएसमध्ये बूटलोडर सामान्यतः खुला राहतो, हेही खरे. परंतु ग्राफीनओएस पिक्सेल फोनवर बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करण्यास सांगते आणि रूट अधिकार देत नाही. तरीही ती उपकरण-स्तरावर नाकारली जाते. उलट, दुरुस्त्या थांबलेला जुना प्रमाणित फोन तोच स्तर पार करू शकतो. म्हणजेच येथे प्रमाणपत्र तपासले जाते. सुरक्षितता तपासली जातेच असे नाही.

निष्कर्ष : अँड्रॉइडमध्येच हार्डवेअर-आधारित साक्षांकनाची सोय आहे. तिच्या साहाय्याने बँका विश्वसनीय पर्यायी प्रणालींच्या स्वाक्षरी-कळा स्वीकारू शकतात. तोपर्यंत ग्राहकाने प्रणाली बदलण्यापूर्वी आपल्या बँकेचे ॲप तीवर चालते काय, याची खात्री करावी. तपासणी चुकविणाऱ्या क्लृप्त्या टाळाव्यात. आणि ब्राउझरमधील नेटबँकिंग किंवा *९९# ही इंटरनेटविना चालणारी सेवा हाताशी ठेवावी. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तो जपणाऱ्या खातेदारास स्वतःच्याच पैशापासून दूर ठेवणे इष्ट नव्हे.